एका ‘ल’साठी: विल्हेल्म या नावाबद्दल

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांब होणारे, पण पूर्ण वाचा ही विनंती. मी लातूरचा, एक्स-रे टेक्निशियन, या लाईनीत बावीस वर्षं झाली. आपला पेपर आमच्या सेंटरच्या वेटिंगमध्ये रोज येतो आणि पेशंटच्या आधी मीच वाचून काढतो. ८ नोव्हेंबरला रेडिओग्राफी दिन असतो म्हणून आपण आतल्या पानावर माहिती छापली होती, त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण आमच्या कामाची आठवण वर्षातून एकदा तरी कोण काढतंय. पण हेडिंगमध्ये शोध लावणाऱ्याचं नाव ‘विल्यम रॉन्टजेन’ आलं आणि खाली मजकुरात ‘विल्हेम’. दोन्ही चूक आहेत साहेब. त्याचं नाव विल्हेल्म. विल्हेल्म कॉनराड रोंटगेन. त्यात ‘ल’ दोन आहेत, एक पुढच्या भागात, एक मागच्या.

सकाळी साडेसातलाच आमच्या सरांचा औशाहून फोन आला. सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्याच हाताखाली मी शिकलो. नमस्कार नाही, कसा आहेस नाही, एकदम म्हणले, “पेपर बघितलास का? ल खाल्लाय.” मी म्हणलं सर, बघितलं. तर म्हणले मग पत्र लिही. म्हणून हे पत्र.

आता एका ‘ल’चं एवढं काय, असं वाटेल, तर आधी फ्रेमची गोष्ट सांगतो. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सर तरुण होते. त्या दिवशी अन् दुसऱ्या दिवशी ते डार्करूममधून जवळजवळ बाहेरच आले नाहीत. फिल्म सुकायला टांगायची फुरसत नव्हती, डॉक्टर लोक ओलीच फिल्म, खाली हायपो, म्हणजे फिल्म पक्की करायचं औषध, गळतोय, तशी खिडकीच्या उजेडाला धरून बघत होते की हाड कुठं मोडलंय, बरगडी फुफ्फुसात तर गेली नाही. सर सांगायचे, त्या दोन दिवसात मला पहिल्यांदा कळलं की ही मशीन नसती तर आपण या माणसांना नुसतं दाबून दाबून बघितलं असतं. त्यानंतर त्यांनी रोंटगेनचा एक फोटो मिळवला, फ्रेम केला आणि तो एक्स-रे रूमच्या दारावर लावला. खाली देवनागरीत नाव लिहायला गावातला पेंटर बोलावला. पेंटरनं लिहिलं ‘विल्हेम’. सर म्हणले ल राहिला. पेंटर म्हणतो, “सर, जागाच उरंना, आन् ल्म असं कुठं लिहित्यात का?” सरांनी आत जाऊन फिल्मचा खोका आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. म्हणले, “फिल्म लिहितोस की नाही? टॉकीजच्या बोर्डावर रोज लिहितोस. फिल्ममध्ये जो ल्म आहे तोच हेल्ममध्ये.” पेंटरनं टर्पेंटाईननं पुसून सगळं परत लिहिलं. ती फ्रेम अजून आहे, आता ती माझ्याकडं आहे, दर खंडेनवमीला मशीनला हळद-कुंकू लावतो तेव्हा त्या फ्रेमलाही झेंडूचा हार असतो.

आमच्या कामात एक अक्षर म्हणजे खेळ नाही साहेब. फिल्मवर शिशाचा छोटा ‘एल’ किंवा ‘आर’ ठेवावा लागतो, डावं का उजवं कळण्यासाठी. तो ‘एल’ ठेवायला विसरलं तर फिल्म कितीही झकास निघाली तरी डॉक्टर परत पाठवणार, कारण उलटी धरली की डावा हात उजवा होतो. माझा पहिला ‘एल’ विसरला तेव्हा सर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

तर या नावाबद्दल मी गेली काही वर्षं जमेल तसं वाचत आलो, ते आपल्या वाचकांना सांगावं वाटतं. विल्हेल्म हे जर्मन लोकांचं फार जुनं नाव आहे, हजार-बाराशे वर्षांच्या मागचं. जुन्या जर्मनमध्ये ते ‘विलाहेल्म’ किंवा ‘विलिहेल्म’ असं म्हणत. दोन तुकडे आहेत. पहिला ‘विल’, म्हणजे इच्छा, निर्धार. आपण विलपॉवर म्हणतो तोच, आणि वकिलाकडं जाऊन म्हातारा माणूस ‘विल करतो’ ते पण तेच, त्याची इच्छा कागदावर लिहून ठेवतो. दुसरा तुकडा ‘हेल्म’, म्हणजे लढाईतलं शिरस्त्राण. आपण पोलिसाच्या भीतीनं डोक्यावर घालतो त्या हेल्मेटमधला हेल्म हाच, त्याला मागून ‘एट’ लागलं एवढंच. म्हणजे विल आणि हेल्मेट हे दोन्ही शब्द लातूरच्या कुठल्याही माणसाच्या तोंडात आहेत आणि ते जोडले की विल्हेल्म झालं. आणि अजून मागं गेलं तर भाषा शिकणारे लोक सांगतात की ‘विल’चं नातं संस्कृतच्या ‘वृ’ धातूशी आहे, वरणं, निवडणं, त्यातूनच आपला वर, वरदान, स्वयंवर. आणि हेल्मचं नातं ‘शर्मन्’शी जोडतात, त्याचा अर्थ आसरा, आडोसा, संरक्षण. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप नव्हती लागली. कुठं जर्मनी कुठं आपण, आणि शब्द मुळाशी चुलतभाऊ.

त्या काळच्या जर्मन लोकात नाव ठेवायची पद्धतच अशी होती, दोन शब्द घ्यायचे आणि जोडायचे. हेल्म मागं लावून अन्सेल्म, फ्रीडहेल्म. विल पुढं लावून विलफ्रीड. जोडून काही वाक्यासारखा अर्थ निघलाच पाहिजे असं नव्हतं, शब्द शुभ पाहिजेत, जोरकस पाहिजेत, लढाई, राज्य, शांती, रक्षण असे. कधी बापाच्या नावातला एक तुकडा अन् आईकडच्या नावातला एक असं पण करत. आपल्याकडं नाही का, आमच्या भागात ‘नाथ’ मागं ठेवून किती नावं. औंढ्याचा नागनाथ, परळीचा वैजनाथ, पैठणचे एकनाथ, त्यावरून गावोगाव पोरांची नावं. एका आळीत चार नागनाथ निघतील, कोणी नागू, कोणी नागोराव, कोणी नागाप्पा.

हे नाव जर्मनीबाहेर कसं गेलं तो भाग मला सगळ्यात गोड वाटतो. फ्रँक नावाचे जर्मन टोळीतले लोक आजच्या फ्रान्समध्ये राज्य करायला लागले, तिथं त्यांच्याबरोबर नाव गेलं. शार्लमेन बादशहाचा एक नातलग होता या नावाचा, तुलूझचा सरदार, बरीच लढाई केली आणि मग ८०४ साली दक्षिण फ्रान्समध्ये जेलोन इथं मठ बांधून स्वतःच संन्यासी झाला, पुढं त्याला संत मानलं, त्याच्यावर पोवाड्यासारखी गाणी झाली. संताचं नाव म्हणलं की लेकराला ठेवायला लोक तयारच, तिथं काय अन् इथं काय. पण फ्रेंच लोकांना सुरुवातीचा ‘व’ जमेना, त्यांनी त्याचा ‘ग’ केला आणि विल्हेल्मचं झालं गियोम. उत्तरेकडच्या नॉर्मंडीतल्या लोकांनी मात्र ‘व’ ठेवला. १०६६ साली त्या नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, त्याच्या आधी इंग्लंडात हे नाव नव्हतंच म्हणा, आणि नंतर इतकं झालं की शेकडो वर्षं घरटी एक विल्यम. त्यातूनच आडनावं, विल्यम्स, विल्सन. शेक्सपिअर विल्यम, तो पण याच झाडाचा.

या ‘व’ आणि ‘ग’चा पुरावा आपल्या बाजारात रोज मिळतो. गंजगोलाईत मिक्सर घ्यायला गेलं तर दुकानदार म्हणतो गॅरंटी नाही, वॉरंटी आहे. आपण भांडतो की दोन्हीत फरक काय. तर मुळात हा एकच शब्द आहे! जुन्या जर्मनमधून फ्रान्समध्ये आलेला. उत्तरेकडच्या लोकांनी ‘व’ ठेवला ती वॉरंटी, बाकीच्यांनी ‘ग’ केला ती गॅरंटी, आणि इंग्रजांनी दोन्ही उचलले. अगदी तस्संच विल्यम आणि गियोम. आणि आपण तरी काय वेगळं करतो, आमच्या आजीच्या तोंडात विठ्ठल कधी आलाच नाही, कायम इठ्ठल, विहीर म्हणजे इहीर, वेळ म्हणजे येळ. तोंडाच्या सोयीनं अक्षर झिजतं. बोलण्यात झिजलं तर त्यात माया असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लिहिताना झिजलं की मग भांडण सुरू होतं, त्याबद्दल पुढं लिहितो.

इटलीत हेच नाव गुल्येल्मो झालं. रेडिओचा मार्कोनी, त्याचं नाव गुल्येल्मो मार्कोनी, म्हणजे विल्हेल्मच की. स्पेनमध्ये गियेर्मो. हॉलंडमध्ये विलेम, लाडानं विम. हंगेरीत विल्मोश. पोरींसाठी विल्हेल्मीना, त्यातूनच विल्मा, हेल्मा, मिना. जर्मनीत घरी हाक मारताना विली. आपण ज्ञानेश्वरचं माऊली करतो, दत्तात्रयचं दत्तू, पांडुरंगाचं पांडू, तसं.

आता राजेलोक. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात फ्रीडरिश विल्हेल्म नावाचेच चार राजे झाले, एक, दोन, तीन, चार अशा नंबरनं ओळखायचे. नंतर त्याच घराण्यातला विल्हेल्म पहिला, १८७१ च्या जानेवारीत फ्रान्सच्या व्हर्सायच्या महालात त्याला सगळ्या जर्मनीचा बादशहा केलं. राजाचं नाव म्हणलं की प्रजेत ते पसरणारच, आपल्याकडं शिवाजी, संभाजी, तानाजी किती घरात आहेत बघा. नीत्शे नावाचा मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला, तो १८४४ च्या १५ ऑक्टोबरला जन्मला आणि त्याच तारखेला राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याचा वाढदिवस होता, बापानं लगेच पोराचं नाव फ्रीडरिश विल्हेल्म ठेवून दिलं. शेवटचा बादशहा विल्हेल्म दुसरा, पहिल्या महायुद्धात हरला, १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये गादी गेली, पळून हॉलंडला गेला आणि तिथं राणी कोण तर विल्हेल्मीना. एका विल्हेल्मला आसरा द्यायला दुसरी विल्हेल्मीना. तिथंच १९४१ ला मेला. राजे गेले तसं हळूहळू नावही मागं पडलं. १९०० च्या आसपास जर्मनीत बारशाला जास्तीत जास्त ठेवलेल्या नावांमध्ये हे होतं, आता तिकडं विल्हेल्म म्हणलं की आजोबा डोळ्यासमोर येतो, जसं आपल्याकडं सखाराम, गणपत.

पण मला राजांपेक्षा दुसरीच तीन माणसं जवळची वाटतात, आणि हे लिहिण्यासाठीच खरं म्हणजे पत्र लांबवलंय. डोळ्याला न दिसणारा उजेड असतो, आमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच महिन्यात शिकवतात. तांबड्याच्या अलीकडचा इन्फ्रारेड, जांभळ्याच्या पलीकडचा अल्ट्राव्हायोलेट, आणि अजून पुढं एक्स-रे. हे तिन्ही तीन वेगळ्या माणसांनी शोधले. आणि तिन्ही विल्हेल्म.

पहिला फ्रीडरिश विल्हेल्म हर्शेल. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, १७३८ चा जन्म, बाप लष्करी बँडमध्ये वाजवणारा. पोरगा इंग्लंडला गेला, तिथं चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पोट भरायचा आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आभाळ बघायचा. १७८१ च्या १३ मार्चला घरामागच्या बागेतून त्याला युरेनस सापडला. इंग्लंडात त्याचं विल्यम झालं, म्हणून आपण त्याला विल्यम हर्शेल म्हणूनच ओळखतो, तो जर्मन आहे हे पण विसरलो. १८०० साली त्यानं लोलकातून ऊन पाडलं आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला, आणि एक थर्मामीटर लाल रंगाच्या बाहेर, जिथं उजेडच नाही तिथं ठेवला. तर पारा सगळ्यात जास्त तिथंच चढला! कोरोनात आपल्या कपाळापुढं ती पिस्तुलासारखी मशीन धरायचे ना, तिला दिसणारा उजेड हाच.

दुसरा योहान विल्हेल्म रिटर. हे ऐकून एका वर्षात येना गावात त्यानं विचार केला की लालच्या अलीकडं काही आहे तर जांभळ्याच्या पलीकडं पण असणार. उजेडानं काळं पडणारं चांदीचं मीठ घेतलं, आणि ते जांभळ्याच्या बाहेर सगळ्यात लवकर काळं पडलं. साल १८०१. औषधाच्या दुकानात उमेदवारी केलेला गरीब पोरगा, विजेचे प्रयोग स्वतःच्याच अंगावर करून घ्यायचा, तेहेतीस वर्षांचा असताना गरिबीतच गेला. आज घराघरात पाण्याच्या फिल्टरवर ‘यूव्ही’ लिहिलेलं असतं, त्याचं नाव मात्र कोणाला माहीत नाही.

तिसरे आमचे रोंटगेन. १८४५ च्या २७ मार्चला जर्मनीतल्या लेनेप गावी जन्म, लहानपण हॉलंडमध्ये. शाळेत कोणीतरी मास्तरांचं वेडंवाकडं चित्र काढलं, याला विचारलं कोणी काढलं सांग, यानं मित्राचं नाव सांगितलं नाही म्हणून यालाच शाळेतून काढून टाकलं. पुढं झुरिचला शिकले. १८९५ च्या ८ नोव्हेंबरला, वुर्झबुर्गच्या लॅबमध्ये अंधार करून काचेच्या नळीत वीज सोडली होती, नळी काळ्या पुठ्ठ्यानं पूर्ण झाकलेली, तरी लांब ठेवलेला रसायन लावलेला पडदा चमकायला लागला. दुसरा कोणी असता तर पडदा बाजूला ठेवून जेवायला गेला असता. हा माणूस सहा-सात आठवडे त्याच खोलीत राहिला, तिथंच जेवण, तिथंच झोप. २२ डिसेंबरला बायकोला, बेर्था बाईंना बोलावलं, हात प्लेटवर ठेवायला लावला. हाडं दिसली आणि बोटात अंगठी दिसली, मांस कुठंच नाही. हा फोटो मी इतक्यांदा बघितलाय की डोळे झाकून सांगतो, अंगठीचा डाग केवढा आहे ते. कसला किरण आहे माहीत नाही म्हणून त्यांनी ‘एक्स’ म्हणलं, गणितात न कळलेल्याला क्ष धरतो तसं, म्हणून मराठीत क्ष-किरण. लोक त्याला रोंटगेन किरण म्हणायला लागले तरी ते स्वतः एक्सच म्हणत राहिले. १३ जानेवारी १८९६ ला बर्लिनला जाऊन बादशहाला किरण दाखवले, म्हणजे समोर बसलेला पण विल्हेल्म आणि दाखवणारा पण विल्हेल्म. १९०१ ला भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल, पैसे विद्यापीठाला देऊन टाकले. पेटंट घेतलं नाही. नावापुढं सरदारकीचं ‘फॉन’ लावायला मिळत होतं, तेही घेतलं नाही. संपादक साहेब, ज्या माणसानं स्वतःच्या नावात एक शब्द जास्तीचा लावून घेतला नाही त्याच्या नावातलं एक अक्षर आपण कमी करावं का, तुम्हीच सांगा.

आमच्या सेंटरमध्ये एक्स-रेच्या बाजूलाच ईसीजीची खोली आहे. ईसीजी यंत्र बनवणारा कोण, तर हॉलंडचा विलेम आइन्टहोव्हेन, त्याला १९२४ चं नोबेल. विलेम म्हणजे विल्हेल्मच. हृदयातल्या ज्या धाग्यातून वीज खाली जाते त्याला ‘बंडल ऑफ हिस’ म्हणतात, नर्सिंगच्या पोरी पाठ करतात, तो शोधणारा विल्हेल्म हिस, साल १८९३. लहान लेकरांच्या किडनीत एक गाठ होते तिला ‘विल्म्स ट्यूमर’ म्हणतात, ते माक्स विल्म्स नावाच्या जर्मन सर्जनचं आडनाव, आणि विल्म्स म्हणजे विल्हेल्मचा पोरगा, आपलं जसं वडिलांचं नाव मधे असतं तसं. मागच्या महिन्यात निलंग्याकडची एक म्हातारी आली होती, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. आधी ईसीजी, मग छातीचा फोटो. आमच्याकडं एक्स-रेला फोटोच म्हणतात. “श्वास घ्या, धरा, सोडा,” म्हणलं. झाल्यावर बाहेर येऊन ती फ्रेम बघत बसली. म्हणाली, “हे कोण वो बाबा, दाढीवाले?” मी म्हणलं ह्यांनीच हा फोटो काढायचं शोधलं. तिनं फ्रेमकडं बघून हात जोडले अन् विचारलं, नाव काय. मी सांगितलं. ती म्हणाली, “इल्लेम.” मला इतकं बरं वाटलं सांगू, ‘ल’ दोन्ही आले तिच्या तोंडात! व गेला, ह गेला, पण ल राहिले.

बाकी विल्हेल्म भरपूर आहेत, सगळे सांगत बसत नाही. गणितातला लाइबनिट्स, गॉटफ्रीड विल्हेल्म. तत्त्वज्ञ हेगेल, गेओर्ग विल्हेल्म फ्रीडरिश. मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा १८७९ ला लाइपझिगमध्ये काढणारा विल्हेल्म वुंट. परीकथा जमवणारे ग्रिम बंधू, त्यातला धाकटा विल्हेल्म, दोघा भावांनी जर्मन भाषेचा कोश करायला घेतला, त्यात ‘डी’ हे अक्षर विल्हेल्मच्या वाट्याला आलं आणि ते पुरं करून १८५९ ला तो गेला, कोश पुरा व्हायला त्याच्यानंतर शंभर वर्षं लागली. एकेका अक्षरासाठी जन्म घालवणारे लोक होते ते. आणि दोन नावं आपल्या माणसांनी तरी विसरू नयेत. आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल, बॉनला संस्कृतचा प्राध्यापक, यानं १८२३ ला भगवद्गीता मूळ संस्कृतात लॅटिन भाषांतरासह छापली. ती वाचून बर्लिनच्या विल्हेल्म फॉन हुम्बोल्टनं १८२५ आणि १८२६ साली तिथल्या अकादमीत गीतेवर भाषणं दिली. ज्या गीतेवर आपल्या आपेगावच्या माऊलींनी टीका सांगितली तीच गीता साधारण पाचशे तीस वर्षांनी दोन विल्हेल्म तिकडं वाचत बसले होते.

आता लिहिण्यातली झीज, म्हणलं होतं सांगतो. माझ्या आजोबाचं नाव विठ्ठल. जमिनीचं जुनं रेकॉर्ड निजामाच्या वेळचं, उर्दूत. पुढं मराठीत उतरवून घेताना एका कागदावर विठ्ठल आलं, दुसऱ्यावर विठोबा, तिसऱ्यावर ‘इठल’, बहुतेक कोणीतरी ऐकून लिहिलं असणार. वडील वारल्यावर वारस लावायला गेलो तर ऑफिसात म्हणले हे तीन वेगळे माणसं आहेत. मी म्हणलं साहेब एकच म्हातारा आहे, मी त्यांच्या मांडीवर बसलोय. नाही चाललं. तिन्ही नावाची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, गावातले दोन साक्षीदार, परत अर्ज, परत तारीख. चौदा महिने गेले. त्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं कारण पैसे स्टॅम्प अन् चकरांत गेले. बाप जिवंत असताना ज्या शेतात राबला तिथं त्याच्या बापाचं नाव नीट लिहिलेलं नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. तेव्हापासून कोणाचंही नाव चुकीचं लिहिलेलं दिसलं की मला सहन होत नाही, मग ते लातूरचं असो का लेनेपचं. पेशंटच्या पाकिटावर नाव लिहिताना मी दोनदा विचारतो, लोक वैतागतात, तरी विचारतो.

आणि साहेब, विल्हेल्म लिहायला देवनागरीसारखी सोपी लिपी नाही. इंग्रजीतून गेलं की तो डब्ल्यू बघून आपण ओठ गोल करतो आणि विल्यम म्हणून मोकळे होतो. जर्मन लोक तिथं सरळ ‘व’ म्हणतात, आपल्या विठ्ठलातला व. पुढं ल्हे, कोल्हे आडनावातला. शेवटी ल्म, फिल्ममधला. तिन्ही आवाज आपल्याकडं रोजचे आहेत, इंग्रजीचा पूल ओलांडायची गरजच नाही. रोंटगेनमध्ये पण ‘ज’ नाही, ‘ग’ आहे, गंगाखेडचा ग.

माझी विनंती दोनच गोष्टींची. एक, दुरुस्ती छापावी, लहान चौकटीत का होईना. दुसरी, पुढच्या ८ नोव्हेंबरला हर्शेल, रिटर आणि रोंटगेन या तिघांवर एकत्र छापावं, तिघांची पूर्ण नावं देऊन, शाळेतली लेकरं कात्रण काढून वहीत चिकटवतील. मजकूर हवा असेल तर मी लिहून देतो, काही नको त्याचं. फ्रेमचा फोटो हवा असेल तर सेंटरवर कोणालाही पाठवा, दुपारी एक ते दोन मशीन बंद असते तेव्हा निवांत काढता येईल. रंग थोडा उडालाय पण दोन्ही ‘ल’ स्वच्छ वाचता येतात.

दुरुस्ती ज्या दिवशी येईल त्या दिवशीचा एक अंक मी औशाला सरांकडं घेऊन जाणार आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, एक्स-रे टेक्निशियन
लातूर